समुद्रकिनाऱ्याला तिकीट लावावं का? टिपणासाठी मुद्दे हवेत

दांडियाबाजार_वाचक

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनमंडळाने पुढच्या महिन्याच्या चर्चेला हा विषय घेतलाय: सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यावर प्रवेश शुल्क घ्यावं का, आणि गर्दी वाढली की लोकांना अडवावं का. बडोद्याला समुद्र नाही, पण जोडून सुट्टी आली की इथली माणसं डुमस, उभराट, दांडी, तिथल हे दक्षिण गुजरातचे किनारे गाठतात. लांब जायची तयारी असली तर द्वारकेजवळचं शिवराजपूर. शिवराजपूरला तिकीट आहे, त्यावरूनच मंडळात दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, बडोद्यातल्या कमाटीबागेत शिरायला पैसे पडत नाहीत, मग समुद्राला का पडावेत? दुसरी बाजू म्हणते, त्याच कमाटीबागेत प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

चर्चेनंतर दोन पानी टिपण करून निवेदन म्हणून द्यायचं आहे, म्हणून नुसती मतं नकोत. शुल्क घ्यायला कायद्याचा आधार काय लागतो? घ्यायचंच तर माणशी घ्यावं की गाडीमागे? आणि ‘आता पुरे, आणखी आत सोडू नका’ हे ठरवायचं कशावरून? खंभातच्या आखाताला काही वेगळं लागू होत असेल तर तेही सांगा.

पावती_क्रमांक

कमाटीबागेचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं गेलं, पण ते सांगतंय एकच गोष्ट. १८७९ पासूनची ती बाग. जमीन, सावली, चालायच्या वाटा फुकट. पिंजरे, संग्रहालय, छोटी आगगाडी यांना तिकीट, कारण तिथे रोज कुणीतरी राबतं आणि ती सोय घ्यायची की नाही हे येणारा ठरवतो. समुद्रालाही हीच रेघ ओढा. वाळू आणि पाणी फुकट, सोयींना पैसे.

आता कायदा. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. खटला हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या हॉटेलचा होता, पण निकालात समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकार यांचं विश्वस्त, लाभधारक जनता. विश्वस्ताने राखण करायची असते, दुकान मांडायचं नसतं. २००९ मध्ये फोमेंटो रिसॉर्ट्सच्या खटल्यात गोव्यातल्या दोना पावलजवळच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट हॉटेलने बंद करता येणार नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. टिपणात हे दोन निकाल पुरेत, आणखी शोधत बसू नका.

किनाऱ्यालगत काय बांधता येतं हे ठरवणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना तीन: १९९१, २०११ आणि सध्या लागू असलेली १८ जानेवारी २०१९ ची. भरतीच्या कमाल रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर हा त्यांचा मुख्य पट्टा. भरती आणि ओहोटी यांच्यामधली ओली वाळू वेगळ्या, जास्त कडक वर्गात येते. शौचालय, कपडे बदलायच्या खोल्या, पिण्याचं पाणी अशा तात्पुरत्या सोयींना २०१९ च्या अधिसूचनेत वाव आहे, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून आणि परवानगी घेऊन. सिमेंटची तिकीट खिडकी आणि लोखंडी दरवाजा थेट वाळूत दिसला तर पहिला प्रश्न तोच विचारायचा: परवानगीचा कागद कुठे आहे?

शुल्काचं म्हणाल तर संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर आकारता येत नाही. शुल्कालाही कायद्याचा किंवा नियमाचा आधार लागतोच. शिवाय शुल्काच्या बदल्यात सेवा असावी लागते, कर आणि शुल्क यांच्यातला फरकच तो. म्हणून पावतीवर चार गोष्टी बघा: घेणाऱ्या संस्थेचं नाव, ठरावाचा किंवा आदेशाचा क्रमांक आणि तारीख, छापील दर, आणि छापील अनुक्रमांक. नुसता ‘पर्यटन विकास’ असा शिक्का मारलेला गुलाबी कागद म्हणजे पावती नव्हे.

शंका असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. गुजरात सरकारच्या कार्यालयांसाठी अर्जाचं शुल्क २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘वसुली कायदेशीर आहे का’ असा प्रश्न विचारलात तर ‘मत देणं अपेक्षित नाही’ असं उत्तर येईल. कागद मागा: ठरावाची प्रत, ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, मागच्या तीन वर्षांची महिनावार वसुली, आणि त्यातून झालेला खर्च.

स्वच्छ_किनारा

पावतीभाऊंचं कायद्याचं सगळं पटतं, पण ‘वाळू फुकट’ म्हणताना ती कोण साफ करतं हेही टिपणात येऊ द्या. किनारा गावाच्या हद्दीत, गावाची वस्ती दोन-चार हजार, आणि रविवारी तेवढीच माणसं बाहेरून येतात. कचरा गावाचा नाही, उचलायचा गावाने. एका रिकाम्या शहाळ्याचं वजन किलोच्या वरच भरतं. १,००० शहाळी विकली गेली की टनाहून जास्त ओला कचरा एका दिवसात, आणि तो जाळता येत नाही, दाबता येत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नुसता पसरून बसतो. फाटलेल्या जाळ्या आणि थर्माकोल समुद्रच आणून टाकतो, ते वेगळं.

पैसे कुठूनतरी यायला हवेत, याबद्दल दुमत नको. गोव्यात किनाऱ्यावर शिरायला तिकीट नाही, तरी २००८ पासून जीवरक्षक आहेत, कारण तो खर्च राज्य सरकार करतं. तसं करायची इथल्या राज्याची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर कोकणातल्या काही ग्रामपंचायती बाहेरच्या गाड्यांकडून स्वच्छता कर घेतात तसा काही मार्ग लागेल.

आंध्रातला प्रसंग टिपणात जरूर घ्या. ऋषिकोंडा हा निळा झेंडा, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळालेला किनारा. तिथे जुलै २०२३ मध्ये माणशी २० रुपये तिकीट जाहीर झालं, जोरदार विरोध झाला आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. माझ्या मते २० रुपये ही रक्कम लोकांना मोठी वाटली नसावी. काल फुकट असलेल्या जागेला आज दार लागलं आणि त्या पैशाचं काय होणार ते कुणी सांगितलं नाही, हे खुपलं असणार.

गल्ला_आणि_खर्च

माणशी की गाडीमागे, याचं उत्तर आकड्यांतच सापडतं. खालचे आकडे नमुन्याचे धरा, टिपणात आपल्या किनाऱ्याचे मोजून घाला.

समजा साध्या दिवशी ३०० माणसं येतात. माणशी १० रुपये म्हणजे गल्ला ३,०००. दोन खिडक्या, दोन पाळ्या, चार माणसं. ५०० रुपये रोज धरला तर २,००० तिथेच गेले. हातात १,०००. आता तेच लोक गाड्यांत मोजा: ४० चारचाकी ५० रुपयांनी २,००० आणि ६० दुचाकी १० रुपयांनी ६००, एकूण २,६००. वाहनतळाच्या आडव्या दांडीपाशी एका पाळीला एकच माणूस पुरतो, दोन पाळ्यांचे १,०००. हातात १,६००. गल्ला कमी, शिल्लक जास्त. आणि एसटीने उतरलेल्या किंवा शेजारच्या गावातून चालत आलेल्या २० माणसांना एक पैसाही पडला नाही. मला तरी हीच त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

रविवारचं वेगळं. संध्याकाळी चार ते पाच या तासात १,००० माणसं आली, म्हणजे चौघांचं एक असं २५० कुटुंबं. एका कुटुंबाला २० सेकंद लागले तर एक खिडकी तासाला १८० कुटुंबं सोडते, दोन खिडक्यांना काम जमतं. पण किनाऱ्याला नेटवर्क मंद असतं. फोनवरून पैसे भरताना चाक गोल फिरत राहिलं आणि एकेकाला मिनिट लागलं, की दोन खिडक्या मिळून १२०. तासाच्या शेवटी १३० कुटुंबं रस्त्यावर, आणि त्याच रस्त्याने रुग्णवाहिका यायची असते. म्हणून नुसत्या फोनवरच्या तिकिटाची सक्ती नको, रोख आणि छापील पावती हवीच. आणि रुग्णवाहिकेची वाट दांडीच्या बाहेरून, वेगळी.

पैसे कुठे जातात ते दाखवायला प्रवेशाशी एक फळा लावायचा: मागच्या महिन्याची वसुली, कशावर किती खर्च, शिल्लक. वेगळं बँक खातं ठेवलं तरच हे जमतं. पैसा एकदा सर्वसाधारण निधीत मिसळला की तो किनाऱ्याला परत येत नाही.

ठेका देणार असाल तर एक सावधगिरी. ‘वर्षाला ठरावीक रक्कम भरा, बाकी तुमचं’ असा ठेका दिला की ठेकेदाराला जास्तीत जास्त गाड्या आत घ्यायच्या असतात. मग गर्दीची मर्यादा कागदावरच राहते. त्यापेक्षा कामाचे पैसे ठरवून द्या आणि वसुली पूर्ण सरकारजमा करा.

अजून एक, शौचालयाचं. किनाऱ्यालगत शोषखड्डा चालत नाही. भरतीला जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा भरतो आणि घाण वाळूतून समुद्रात उतरते. बंदिस्त टाकी आणि ती उपसायला टँकर, हाच खर्च धरा. तो अंदाजात नसला की वर्षभरात शौचालयाला कुलूप लागतं.

बाराव्या_हिश्श्याचं_गणित

खंभातच्या आखाताचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात, पण तोच आधी यायला हवा. तिथे अडवणं हा हक्काचा वाद नाही, जीवाचा आहे.

आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. आत येणारं पाणी अरुंद होत चढत जातं, त्यामुळे भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. दक्षिणेकडे डुमस, तिथलकडे तो कमी होत जातो. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज धरून चालत नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा आणि चढाचे बारा हिस्से करा: पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. फरक १० मीटर असेल तर तिसऱ्या तासात पाणी अडीच मीटर चढतं. वाळूचा उतार ४०० ला १ असा सपाट असेल तर अडीच मीटर चढ म्हणजे पाण्याची कड १,००० मीटर आत येते. एका तासात. मिनिटाला १७ मीटर. कडक वाळूवर माणूस याच्या चौपट वेगाने चालतो हे खरं, पण तिथे वाळू कमी आणि गाळ जास्त. घोटाभर गाळात पाय काढेपर्यंत वेळ जातो. दुसरं म्हणजे पाणी फक्त समोरून येत नाही. ओहोटीला कोरडे दिसणारे ओहळ आधी भरतात, आणि ते तुमच्या पाठीमागे असतात. समोर बघत उभ्या असलेल्या माणसाला कळतच नाही की परतीची वाट गेली.

पहिला तास फसवा असतो. बाराव्या हिश्श्याइतकंच पाणी चढतं, म्हणून लोकांना वाटतं वेळ आहे. त्यामुळे बंदीची वेळ भरतीवरून न ठरवता ओहोटीवरून ठरवा: ओहोटीची कमाल वेळ झाली की शिट्टी, आणि अर्ध्या तासात सगळे कोरड्या रेषेच्या आत.

मुंबईच्या भरतीच्या वेळा इथे लावू नका, आखाताच्या आतल्या बाजूला भरती कित्येक तास उशिरा पोचते. तिथीच्या आकड्याला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेबही तसाच्या तसा चालणार नाही. त्यातलं एक मात्र इथेही खरं: अमावस्या-पौर्णिमा आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या सुमाराला फरक कमी. सहल ठरवताना पंचांग बघायला हरकत नाही, पण वेळ त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्या.

जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव बडोद्याच्या बहुतेकांना माहीत आहे. दिवसातून दोनदा मंदिर पाण्याखाली जातं. दर्शनाच्या वेळा भरतीवर ठरतात आणि ‘मला आत्ताच सोडा’ म्हणून कुणी हटून बसत नाही, कारण पाणी समोर दिसतं. किनाऱ्यावरचं कुठलंही बंधन असंच असावं, कारण डोळ्यांना दिसणारं.

आता गर्दीची मर्यादा. इथे एक चूक हमखास होते: किनारा ओहोटीला मोजतात. ओहोटीला २०० मीटर रुंद दिसणारा किनारा भरतीला १५ मीटर उरतो आणि तेव्हा सगळी माणसं त्या १५ मीटरमध्येच असतात. म्हणून भरतीला उरणारी कोरडी वाळू मोजा. लांबी ६०० मीटर, रुंदी १५, क्षेत्रफळ ९,००० चौरस मीटर. माणशी १० चौरस मीटर धरलं तर एका वेळी ९०० माणसं. यातला चौथा हिस्सा चालत आणि बसने येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. उरले ६७५. गाडीमागे चार माणसं धरली तर १६८ गाड्यांचा वाहनतळ. तो भरला की मागच्या फाट्यावरच ‘भरलं’ अशी पाटी लावायची, किनाऱ्यापाशी नाही, नाहीतर गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात आणि मर्यादेला अर्थ उरत नाही. माणसं मोजायला कुंपण नको, वाहनतळाची संख्या हेच माप.

आणि गाडी वाळूवर नाही म्हणजे नाही. ओली वाळू वरून कडक दिसते. चाक एकदा फिरत बसलं की खालचं पाणी वर येऊन वाळू पातळ होते, आणि गाडी जितका जोर लावेल तितकी खाली बसते. वर भरती येत असते.

दांडियाबाजार_वाचक

मनापासून आभार. वाहनतळावरून माणसं मोजायची ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. एक शंका: बाहेरच्या देशांत काही ठिकाणी किनारे चक्क बंद ठेवतात, पैसेही घेतात. ती उदाहरणं मंडळात दिली जातातच. ती कितपत लागू होतात? आणि स्थानिकांना सूट द्यावी का?

मर्यादवेल

उदाहरण घ्या, पण कशासाठी बंद केलं ते सोबत लिहा. थायलंडची माया बे जून २०१८ ते जानेवारी २०२२ बंद होती, कारण बोटींनी आणि गर्दीने पोवळ्यांची नासधूस झाली होती. उघडल्यावर बोटी खाडीत शिरणं बंद झालं, त्या मागच्या बाजूला लागतात. फिलिपाइन्सचं बोराकाय २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवलं, तिथे मुख्य दुखणं समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याचं होतं. दर माणशी कितीही तिकीट लावलं असतं तरी ते नळ बंद झाले नसते. हवाईच्या हनौमा बेला बाहेरून येणाऱ्यांना २५ डॉलर पडतात, स्थानिकांना काही नाही. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण बंद, आणि पाण्यात उतरण्याआधी पोवळ्यांवरची चित्रफीत बघावीच लागते. तिथे पैसा, मर्यादा आणि शिकवण एकत्र बांधलेत. आपल्याकडे बहुतेकदा पैसा तेवढा उचलतात.

स्थानिकांच्या सवलतीवर दोन्ही बाजू आहेत. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात नगरपालिका किनाऱ्यावर प्रवेशाचे बिल्ले विकतात, पण १९७२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांना एक दर आणि बाहेरच्यांना जास्त दर हे चालणार नाही असं ठरवलं, कारण किनारा सगळ्यांचा. आपल्याकडे वाळू फुकट ठेवली आणि पैसे फक्त वाहनतळाला घेतले तर हा वादच उरत नाही, गावकरी चालत येतो.

पण मच्छीमारांचा विषय ‘सवलती’त घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. जाळी वाळवणं, होडी ओढून वर घेणं, मासळी उतरवणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे, सहल नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर पगडिया मच्छीमार आहेत, होडीशिवाय, पायी ओहोटीच्या गाळात जाऊन मासे धरणारे. त्यांची वेळ भरती ठरवते, मग ती पहाटे तीनची असो. ‘किनारा सकाळी सहा ते संध्याकाळी सात’ अशी पाटी लागली की सहलवाल्याचं काही बिघडत नाही, पगडियाची मजुरी बुडते. वेळेचं बंधन फक्त पर्यटकांना, आणि मच्छीमारांची वाट दांडी-खिडकीच्या बाहेरून, असं स्पष्ट लिहा.

आता जिच्यावरून नाव घेतलंय ती वेल. वाळूच्या टेकड्यांवर जांभळट फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल पसरलेली असते. तिच्या गाठीगाठीला मुळं फुटतात आणि वाळू जागच्या जागी धरून ठेवतात. समुद्राची मर्यादा राखते म्हणून ती मर्यादवेल. किनाऱ्याला एकच दार ठेवून तिकीट लावलं की काही लोक बाजूने टेकडीवरून उतरतात. रोज पन्नास पावलं एकाच रेषेत पडली की वेल तुटते, पांढरी पट्टी दिसू लागते, वारा त्या खाचेतून वाळू उपसतो आणि पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी तिथूनच आत शिरतं. दार लावल्याचं हे नुकसान कुणी हिशेबात धरत नाही. उपाय साधा आहे: एकाऐवजी तीन-चार वाटा, टेकडीवर लाकडी फळ्यांचा उचललेला पूल, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंच काथ्याचा दोर. दोर पुरतो, तारेचं कुंपण नको.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात आणि ती रात्री उजेडाकडे वळतात. तेवढ्या काळात घरट्याभोवतीचा तुकडा दोराने बंद, किनाऱ्याकडे तोंड केलेले दिवे बंद. बाकी किनारा मोकळा. बंदी अशी हवी, तुकड्यापुरती आणि मुदतीची.

एक बाजूची गोष्ट, बडोदेकरांसाठी. शिवराजपूर ओखामंडळात, म्हणजे द्वारकेभोवतीच्या भागात आहे आणि ओखामंडळ १९४९ पर्यंत बडोदा संस्थानातच होतं. तेव्हा बडोद्याला समुद्र नाही हे आत्ताचं झालं.

दांडियाबाजार_वाचक

कच्चा मसुदा टाकतो, चुका दाखवा:

‘किनाऱ्यावर प्रवेश शुल्क नसावे. वाहनतळासाठी नाममात्र शुल्क असावे. निळा झेंडा मिळालेल्या किनाऱ्यांवर शुल्क योग्य आहे. सुरक्षिततेसाठी आवश्यक तेव्हा प्रवेश मर्यादित करावा. जमा रक्कम किनाऱ्याच्या विकासासाठी वापरावी.’

पावती_क्रमांक

दिशा बरोबर आहे, पण शब्द सैल आहेत. सैल शब्दातून हवं ते काढता येतं.

‘नाममात्र’ काढा. दर लिहा, आणि किती वर्षांनी कुणी तो बदलू शकतो तेही लिहा. दुचाकी, चारचाकी, बस असे वेगळे दर, अपंगांच्या वाहनाला माफी.

‘विकास’ काढा. विकास म्हणून उद्या काचेचा पूल आणि रंगीत दिवे येतील. त्याऐवजी लिहा: जीवरक्षक, सफाई, शौचालय, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, यापलीकडे खर्च करायचा तर ग्रामसभेचा ठराव.

‘आवश्यक तेव्हा’ हे तर सगळ्यात धोक्याचं. कोण ठरवणार, कशावरून, किती वेळासाठी? तीन कारणं नावानिशी लिहा: भरतीची वेळ, लाल बावटा, घरट्यांचा तुकडा. बावट्यांचे अर्थ टिपणात द्या, पुष्कळांना ते माहीत नसतात. वर लाल खाली पिवळा, अशा दोन बावट्यांच्या मधे पोहायचं. एक लाल म्हणजे मोठा धोका. दोन लाल एकावर एक म्हणजे पाणी सगळ्यांना बंद. पाणी बंद म्हणजे वाळू बंद नव्हे, हे वेगळ्या ओळीत लिहा, कारण पहारेकरी दोन्ही एकच समजतात.

निळ्या झेंड्याचं वाक्य उलटं करा. तो झेंडा डेन्मार्कमधली संस्था देते, ३३ निकष आहेत, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला त्यांत शिवराजपूर आणि दीवचं घोघला होतं. झेंडा म्हणजे तिकीट लावायचा परवाना नाही. उलट तो घेणाऱ्यावर बंधन येतं: हंगामात पाण्याचे नमुने ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर न ठेवता तपासायचे आणि निकाल किनाऱ्यावर लावायचा. समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची मर्यादा ई. कोलाय २५० आणि एन्टेरोकोकाय १००. शिवराजपूरला तिकीट काढणाऱ्याने तो फळा कुठे आहे आणि त्यावरची तारीख कोणती, हे खिडकीवर विचारावं.

बाराव्या_हिश्श्याचं_गणित

मसुद्यात एक भर. ‘प्रत्येक प्रवेशमार्गावर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ गुजराती, हिंदी आणि मराठीत लिहिलेली असावी, अक्षरं किमान १० सेंटिमीटर उंच, आणि ती रोज बदलण्याची जबाबदारी असलेल्याचं पद फळ्याखाली लिहिलेलं असावं.’ पद लिहिलं नाही तर फळ्यावर परवाचीच वेळ राहते, आणि परवाची वेळ म्हणजे १०० मिनिटांची चूक.

निवेदन जिल्हाधिकारी, संबंधित ग्रामपंचायत आणि राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण या तिघांना द्या, पोच घ्या. सोबत किनाऱ्याचा भरतीच्या वेळी काढलेला एक फोटो आणि ओहोटीला त्याच जागेवरून काढलेला दुसरा जोडा. मोजमाप भरतीच्या फोटोवर लिहा.